आलापल्लीचा साग आणि चपखल सांधा

आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाची ख्याती मोठी. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपुरातूनच साग रवाना झाला. पण लाकूड कितीही उत्तम असो, चौकट टिकते ती सांध्यावर. कुसवाची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश धरावी. रेघ पेन्सिलीने नको, धारदार पात्याने मारावी. पटाशीचं टोक त्या चरीत नेमकं बसतं. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूनेच चालवावी. साग मुळात तेलकट, म्हणून रंधा मारल्याबरोबर सरस लावावा. उशीर झाला की तेल पुन्हा वर येतं. शिकंजा आवळताना दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. फार आवळू मात्र नका. सरस बाहेर पडून सांधा कोरडा राहतो.