वायफायचीही नाडी बघावी लागते

रात्रीचे दोन वाजलेले. नर्सिंग स्टेशनवरच्या पडद्यावर सात नंबरच्या खाटेची हृदयाची रेघ एकदम नाहीशी होते आणि अलार्म वाजू लागतो. सिस्टर धावतात. पेशंट गाढ झोपलेला, नाडी ठीक, छातीवरचे इलेक्ट्रोड जागच्या जागी. मिनिटाभरात रेघ परत येते. एका रात्रीत असे तीनदा झाले की चौथ्या वेळी पावले आपोआप मंदावतात. खरा धोका तिथे आहे. चौथ्या वेळी कदाचित हृदयच बिघडलेले असेल.

बिनतारी मॉनिटरमुळे पेशंटची तारांच्या जंजाळातून सुटका झाली, तो उठून चार पावले चालू लागला, हे खरेच. पण त्याच्या छातीपासून पडद्यापर्यंतचा संदेश अनेकदा छताला लावलेल्या एका पांढऱ्या डबीतून जातो. तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तिची एक बाजू हवेतल्या रेडिओलहरींशी बोलते आणि दुसरी बाजू भिंतीतून जाणाऱ्या नेटवर्कच्या केबलशी. बिघाड दोन्हीकडे होऊ शकतो आणि पडद्यावरचे लक्षण मात्र एकच दिसते. पोटदुखीसारखेच हे, दुखते एका जागी आणि कारणे दहा.

हवेतल्या बिघाडाचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये डलासमधल्या एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातले बिनतारी हृदय-मॉनिटर गोंधळले. दोघांची वारंवारता एकच होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर २००० साली तिथल्या दळणवळण आयोगाने वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी वेगळे पट्टे राखून ठेवले. वायफायला असे सोवळे नाही. त्याच हवेत नातेवाइकांचे मोबाइल, शेजारच्या इमारतीचे राउटर आणि ब्लूटूथचे हेडफोनही बोलत असतात. पँट्रीतला मायक्रोवेव्ह तर २.४ गीगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात चालतो. दुपारचे डबे गरम होताना सिग्नल रुसत असेल, तर ते भुताटकीमुळे नव्हे.

मग कारण शोधायचे कसे? तर ॲक्सेस पॉइंट स्वतःच सगळे मोजत असतो. केबलच्या बाजूने किती बाइट आले, किती गेले, किती पाकिटे मोडक्या अवस्थेत पोहोचली. रेडिओच्या बाजूने किती उपकरणे जोडलेली आहेत, प्रत्येकाचा सिग्नल किती, हवेतली वाहिनी किती वेळ व्यापलेली होती आणि एकच पाकीट किती वेळा पुन्हा पाठवावे लागले. हा शेवटचा आकडा फार बोलका. वायफायमध्ये एखाद्या उपकरणाला पाठवलेल्या पाकिटाची पोच यावी लागते. ती आली नाही की पाकीट पुन्हा पाठवले जाते. अधूनमधून असे होणारच, पण हा आकडा एकदम चढू लागला तर हवेत गर्दी किंवा व्यत्यय आहे, नाहीतर सिग्नल अशक्त आहे. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात आणि तो ऋण आकड्यात असतो. उणे ६० वरून उणे ७० वर आला, तर फरक दहाचा दिसतो, पण प्रत्यक्षात शक्ती दहावा हिस्सा उरलेली असते. माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषते, त्यामुळे पेशंट मॉनिटर अंगाखाली घेऊन कुशीवर वळला तरी आकडा घसरतो.

आता समजा, हवेची बाजू ठणठणीत आहे, सिग्नल चांगला, पुनःपाठवणी नेहमीइतकीच. पण केबलच्या बाजूला मोडक्या पाकिटांची संख्या दर तासाला वाढते आहे आणि जोडणीचा वेग १००० मेगाबिटवरून १०० वर उतरला आहे. अनुभवी तंत्रज्ञ इथे थेट शिडी मागवतो. १००० च्या वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणजे एखादी जोडी तुटली असावी किंवा प्लग ढिला झाला असावा. फॉल्स सीलिंगमध्ये उंदरांनी केबल कुरतडलेली सापडली, तर सरकारी इमारतीत तरी कुणाला नवल वाटणार नाही.

अशा वेळी सर्रास होणारी चूक म्हणजे डबी बंद करून पुन्हा चालू करणे. तिने तात्पुरते बरे वाटते, पण बहुतेक डब्यांचे आकडे त्याच क्षणी शून्यावर जातात आणि पुरावा पुसला जातो. कल्चरसाठी रक्त घेण्याआधीच अँटिबायोटिक सुरू करण्यातला हा प्रकार आहे. आधी आकडे टिपून घ्यावेत.

एकटा आकडा फारसा उपयोगाचा नसतो, हेही डॉक्टरांना सांगायला नको. पंचेचाळीस हजार चुका महिन्याभरात झाल्या की कालच्या रात्रीत, हे दोन नोंदींमधल्या फरकावरूनच कळते. त्यासाठी १९८८ पासून वापरात असलेली एसएनएमपी ही पद्धत आहे. मध्यवर्ती संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक डबीला आकडे विचारतो आणि आलेख काढतो, खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या टीपीआर चार्टसारखा. एक खाच मात्र लक्षात ठेवावी. जुने ३२ बिटांचे मोजमाप सुमारे ४२९ कोटींवर पोहोचले की पुन्हा शून्यापासून सुरू होते. १०० मेगाबिटच्या भरलेल्या जोडणीवर बाइटचा आकडा सहा मिनिटांच्या आत फिरतो. तासाने नोंद घेणाऱ्याला भलताच फरक दिसतो. म्हणून जलद जोडणीवर ६४ बिटांचे आकडे वाचावेत.

या मोजणीत पेशंटची माहिती कुणी वाचत नाही. पाकिटे किती आणि केवढी, एवढेच कळते. तेव्हा गोपनीयतेच्या नावाखाली हा चार्ट न ठेवण्याचे कारण उरत नाही. नवा मॉनिटर विकत घेताना खरेदी समितीत पडद्याच्या इंचांवर तासभर चर्चा होते. वॉर्डातल्या ॲक्सेस पॉइंटचे आकडे रोज कोण पाहणार आणि रात्री दोनला फोन कुणाला लावायचा, हे त्याच बैठकीत लिहून घेतले, तर सात नंबरच्या खाटेकडे चौथ्या वेळीही सिस्टर धावतच जातील.