‘ची नो वादाची’ : कथनाची गती आणि आईचे हरवणे

रहस्यकथेत विलंब हे बहुधा उत्कंठेचे साधन असते. उत्तर लांबते आणि वाचक पुढे ओढला जातो. शुझो ओशिमी यांच्या ‘ची नो वादाची’ (२०१७–२०२३) या १७ खंडांच्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेमध्ये, विलंबाचे कार्य निराळे आहे. येथे अपराधी कोण, हे आरंभीच उघड होते.

शाळकरी सेइइची नातलगांसह डोंगरावर जातो. वडिलांकडच्या नात्यातील शिगेरू हा मुलगा कड्यावर थट्टा करीत असता सेइइचीची आई सेइको त्याला प्रथम सावरते आणि मग ढकलते. सेइइची हे पाहतो. क्षणाची ही घटना अनेक पृष्ठे व्यापते. संवाद थांबतात; चौकटी मोठ्या होतात; त्यांत केवळ चेहरा, डोळे, हात उरतात. कादंबरीला क्षण लांबवायचा तर शब्द वाढवावे लागतात. मांगा तो शब्द वजा करून लांबवते. परिणामी वाचक पाने भराभर उलटतो, कथेतील काळ मात्र जागीच खिळून राहतो. या विसंगतीतूनच भीती निर्माण होते.

तथापि हा संथपणा केवळ तंत्रापुरता नाही. आपण पाहिले ते खरे मानायचे, तर आई गमवावी लागते. आई टिकवायची, तर डोळ्यांवर अविश्वास दाखवावा लागतो. सेइइची पोलिसांशी खोटे बोलतो आणि पुढे त्याची वाणी अडखळू लागते. चौकटींतील स्तब्धता ही या न घेतलेल्या निर्णयाची मुदत होय. मायलेकांच्या नावांत ‘शांत, निश्चल’ या अर्थाचे एकच चित्राक्षर आहे, हेही येथे अर्थपूर्ण ठरते.

उत्तरार्धात प्रौढ सेइइची वृद्ध आईची अखेरपर्यंत शुश्रूषा करतो. गती पूर्वीइतकीच मंद आहे. पण आता तीत धास्तीऐवजी सोबत आहे. शीर्षकातील ‘वादाची’ म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी, आणि ‘ची’ म्हणजे रक्त. आईचा मृत्यू कथेच्या शेवटी येत असला, तरी तिचे हरवणे कड्यावरच घडून गेले होते. त्या दोहोंमधले अंतर वाचकाला पावलापावलाने चालावयास लावणे, हेच या संथ कथनाचे प्रयोजन म्हणता येईल.