निबंध कोणासाठी?

'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध तुम्ही आजवर किती वेळा लिहिलात? आणि तो वाचला किती जणांनी? एकट्या बाईंनी! लाल शाईच्या चार खुणा, खाली सही, दहापैकी सहा गुण, की वही परत दप्तरात. त्यातली एखादी ओळ चुकली म्हणून कुणाचं काही अडलं का? मुळीच नाही.

आता अशी कल्पना करा, की मोफत तपासणीचं एक पत्रक तुम्ही लिहिलंय. ते हातात घेऊन एक आजी दोन बस बदलून दवाखान्यात पोचल्या, तर दाराला कुलूप! कारण तुम्ही मंगळवारऐवजी बुधवार लिहून बसला होता. सांगा बघू, ही चूक किती गुणांची?

अशी खरीखुरी जबाबदारी अंगावर घेऊन लिहायला शिकवणारे वर्ग अमेरिकेतल्या काही कॉलेजांत आहेत, बरं का! तिथे पुढे इंजिनीअर व्हायचं असो की डॉक्टर, बहुतेक विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी लेखनाचा वर्ग करावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८९ साली या वर्गाला समाजसेवेची जोड दिली. विद्यार्थी गावातल्या सेवाभावी संस्थांकडे जायचे आणि त्यांना हवं असलेलं लेखन करून द्यायचे. कधी माहितीपत्रक, कधी वार्तापत्र, तर कधी देणगीसाठीचा अर्ज. असा अर्ज नुसता सुंदर असून भागत नाही. तो वाचून समोरच्याने खिशात हात घालायला हवा ना!

त्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात आणखी एक गंमत सुरू झाली. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे ओहायो नदी होऊन वाहतात. एके काळी पोलादासाठी हे शहर जगभर प्रसिद्ध होतं. शहराच्या नॉर्थ साइड भागात 'कम्युनिटी हाउस' नावाचं एक सेवाकेंद्र होतं. तिथले वेन पेक आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्राध्यापिका लिंडा फ्लॉवर यांनी, सहकाऱ्यांना घेऊन, एक लेखन केंद्र उघडलं. वस्तीतला एक शाळकरी मुलगा किंवा मुलगी आणि एक कॉलेजचा विद्यार्थी, अशी जोडी बसायची.

तिथल्या काही मुलांचं एक दुखणं होतं. शाळेत जरा काही झालं, की त्यांना काही दिवसांसाठी शाळेतून काढून घरी बसवायचे. याला म्हणतात निलंबन. मुलं चिडलेली होती. मग त्यांनी यावरच लिहायचं ठरवलं.

इथे कॉलेजच्या ताई-दादांचं काम काय? लिहून देणं? छे! त्यांचं काम प्रश्न विचारायचं. "तुला नेमकं काय सांगायचंय? हे कोण वाचणार? मुख्याध्यापकांनी वाचलं तर ते यावर काय म्हणतील?" हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. नुसतं 'शिक्षक वाईट आहेत' असं लिहिलं, तर शिक्षक कागद बाजूला ठेवून देतील. म्हणून स्वतःच्या बाजूबरोबर समोरच्याची बाजूही मांडायची. शेवटी 'निलंबनाचं हे काय चाललंय?' अशा अर्थाच्या नावाचं एक वार्तापत्र तयार झालं आणि ते शिक्षकांपर्यंतही पोचलं. मोठ्यांना बोलावून केंद्रात चर्चा घ्यायची, मुलांनी आपलं लेखन तिथे मांडायचं, अशी पद्धतच होती. एरवी ज्यांचं कोणी ऐकत नाही, ती मुलं बोलत होती आणि मोठे ऐकत होते!

आणि कॉलेजचा विद्यार्थी काय शिकला? आपली भाषा शुद्ध, म्हणून आपण शिकवायला आलोय, अशा ऐटीत तो येतो. पण निलंबन म्हणजे काय, घरी बसवल्यावर कसं वाटतं, हे त्या शाळकरी मुलालाच ठाऊक असतं. तेव्हा दादाला आधी गप्प बसून ऐकायला शिकावं लागतं.

थॉमस डीन्स या अभ्यासकाने २००० साली आपल्या पुस्तकात अशा लेखनाचे तीन प्रकार सांगितले: लोकांसाठी लिहिणं, लोकांविषयी लिहिणं आणि लोकांबरोबर लिहिणं. पिट्सबर्गचं लेखन तिसऱ्या प्रकारातलं.

अर्थात यात एक अडचणही आहे. सत्र संपलं, की विद्यार्थी निघून जातात आणि वस्ती असते तिथेच राहते. तेव्हा आपण गेल्यावरही त्या लोकांच्या उपयोगी पडेल, असं काहीतरी मागे ठेवणं महत्त्वाचं.

आपल्याकडेही कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली ती सुरू झाली. तुमच्या ताईने किंवा दादाने खेड्यात सात दिवसांचं शिबिर केलं असेल, तर त्यांना विचारा, तिथे काय लिहिलंत? कोणासाठी?

पण कॉलेजात जाईपर्यंत थांबायचं कशाला? आजच एक करून पाहा. सोसायटीतली, बँकेतली किंवा शाळेतली एखादी सूचना उतरवून घ्या आणि आजीला किंवा शेजारच्या काकांना मोठ्याने वाचायला सांगा. ते कुठे अडखळतात, तिथे खूण करा. काय कळलं नाही, ते विचारा. मग तीच सूचना सोप्या मराठीत लिहा आणि पुन्हा त्यांनाच वाचायला द्या. आई-बाबा, तुम्ही मात्र तो कागद दुरुस्त करून द्यायचा नाही हं!

आजी न अडखळता शेवटपर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, "हं, आता कळलं बघ," की समजा, तुम्हाला दहापैकी दहा!