चूक फेसबुकची, बंद पडलं स्पॉटिफाय! असं का झालं होतं?

१० जुलै २०२० रोजी अनेकांच्या आयफोनवर स्पॉटिफाय, टिंडर, पिंटरेस्ट ही ॲप्स उघडताच बंद पडू लागली. या ॲप्सच्या स्वतःच्या कोडमध्ये बिघाड नव्हता. मग चुकलं कुठे?

‘फेसबुकने लॉगिन करा’सारख्या सोयींसाठी ही ॲप्स फेसबुकचा तयार कोड, म्हणजे एसडीके, वापरत होती. ॲप उघडताच हा कोडही सुरू होतो. त्यामुळे फेसबुकने लॉगिन न करणाऱ्यांनाही फटका बसला. फेसबुकने आपल्याकडे केलेल्या एका बदलामुळे एसडीके कोसळला आणि त्याच्यासोबत अख्खं ॲपही. मे २०२० मध्येही असंच घडलं होतं.

बिघाड फेसबुकच्या बाजूला असल्याने ॲप काढून पुन्हा टाकण्याचा उपयोग नव्हता. दोन्ही वेळा फेसबुकनेच काही तासांत दुरुस्ती केली. थोडक्यात, बंद पडलेल्या ॲपचा दोष त्याच्याच कोडमध्ये असेल असं नाही.