तांबे आणि दगड एकाच थरात

अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग ही नावे शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. परंतु त्यांचा जन्म उत्खननाच्या खड्ड्यात नव्हे, कोपनहेगनच्या संग्रहालयातील कपाटांपुढे झाला. १८१६ साली क्रिस्टियन थॉमसेन यांच्याकडे तेथील पुराणवस्तूंची व्यवस्था आली. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या सोबतीने सापडते, हे पाहून त्यांनी दगड, कांसे, लोखंड असा क्रम लावला. १८३६ साली तो छापून प्रसिद्ध झाला. पुढे वॉरसाय यांनी उत्खननांतून त्यास पुष्टी दिली.

आता हाच क्रम आपल्या खानदेशास लावून पाहा. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे (हल्ली नंदुरबार जिल्हा) येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तळच्या वस्तीत रंगीत मृत्पात्रे, तांब्याच्या वस्तू आणि दगडाची बारीक पाती एकत्र निघाली. वरच्या वस्तीत लोखंड. स्वतंत्र कांस्ययुग मधे नाहीच! गिरणाकाठच्या बहाळचीही कथा अशीच. तांबे दुर्मिळ, गारगोटीच्या जातीचा दगड मात्र हाताशी, आणि त्याची धार उत्तम. मग तो कोण टाकील? पितळी हंड्याशेजारी पाटा-वरवंटा नांदणाऱ्या घरास आपण तरी कोणते युग म्हणणार? म्हणून संशोधकांनी येथे ‘ताम्रपाषाण’ हा जोडशब्द स्वीकारला, आणि माझ्या मते तो थॉमसेनच्या तीन कप्प्यांहून अधिक प्रामाणिक आहे.

निखळ अश्मयुग पाहावयाचे, तर चाळीसगावनजीकच्या पाटण्यास जावे. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आहेत.