गळ, नातू आणि गार पाणी

मधुमेह, सांधेदुखी, मुलांचे जंत हे या सदराचे नेहमीचे विषय. आज मासे पकडण्याविषयी लिहितो आहे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरांतला मुलगा किंवा मुलगी आता अमेरिकेत असते, आणि नातवंडांसाठी आजी-आजोबांची तिकडे फेरी होतेच.

माझा मुलगा सिएटलजवळ राहतो. मागच्या जानेवारीत त्याने सात वर्षांच्या नातवाला प्रथमच स्कायकोमिश नदीवर स्टीलहेड पकडायला नेले. मीही बरोबर होतो. स्टीलहेड म्हणजे मूळचा रेनबो ट्राउटच. पण हा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन पोसतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. चार-पाच किलोपर्यंत सहज भरतो. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक लागतो, अशी त्याची ख्याती. त्यातून मोठा हंगाम ऐन हिवाळ्यात! कृष्णेच्या काठी उघड्या अंगाने गळ टाकून बसणाऱ्या पोराची गोष्ट निराळी.

पहिला तासभर नातू खुशीत होता. आमिष म्हणून लावायची लाल गाभोळी त्याला फार आवडली. दोन तासांनी तो गप्प झाला. मुलाला वाटले, शहाण्यासारखा बसला आहे. मी हातमोजा काढून पाहिला तर बोटे पांढरी, गार. कोटाची चेन त्याला लावता येईना आणि बोलताना जीभ अडखळत होती. आतला सुती बनियन रिमझिम पावसाने ओला झाला होता.

“बाबा, शेवटचा एकदा टाकतो,” मुलगा म्हणाला. मी त्याला काठी आवरायला लावली. त्याला ते आवडले नाही.

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते. आधी हुडहुडी भरते. मग हात चुकतात, पाय अडखळतात, बोलणे जड होते. हुडहुडी थांबून मूल पेंगू लागले तर ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे, धोक्याचे आहे. अशा वेळी ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

नातवाला आम्ही गाडीत नेले, ओले कपडे उतरवले, कोरड्या चादरीत गुंडाळून छातीशी धरले आणि गरम, गोड कोको पाजला. मूल नीट शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच पाजावे. हातपाय चोळू नयेत. आणि आपल्याकडचा तो ब्रँडीचा उपाय तर मुळीच नको. दारूने कातडीकडील रक्तवाहिन्या पसरतात व ऊब आणखी निघून जाते.

पाण्यात पडणे हा यापेक्षा मोठा धोका. इतक्या गार पाण्यात पडताच माणूस आपोआप जोराने श्वास ओढतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जाते. ही धाप साधारण मिनिटभर टिकते. नंतर दहाएक मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. पट्टीचा पोहणारासुद्धा गारठून मरण्याआधी बुडतो तो यामुळे. म्हणून तरंगण्याचे जाकीट नदीकाठीसुद्धा मुलाच्या अंगावर हवे. वॉशिंग्टन राज्यात १९ फुटांहून लहान बोट चालू असताना उघड्यावर बसलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते कायद्यानेच सक्तीचे आहे. मोठी माणसे रबरी विजार घालून प्रवाहात उतरतात. मुलाने काठावरच थांबावे, हाताच्या अंतरावर.

गळ मागे फेकताना डोळ्याला लागतो, तेव्हा साधा का होईना चष्मा घालावा. गळ बोटात रुतला तर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. डोळ्यात किंवा जवळ रुतला तर ओढू नये, तसाच झाकून डॉक्टरकडे न्यावे.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. यावेळी आत लोकरीचे कपडे, एक जादा जोड गाडीत, आणि पाऊण तासात परत, असे आधीच ठरले होते. मासा मिळाला नाही. पण एकदा बूच पाण्याखाली गेले होते, ती गोष्ट नातवाने घरी येऊन आजीला तीनदा सांगितली.