काटा खोटे बोलला तर...?

कॉकपिटमधल्या तबकड्या, पडदे आणि इशारे देणारे आवाज आपला विमानप्रवास सुरक्षित कसा करतात? आणि एवढी यंत्रे हाताशी असूनही वैमानिकाला डोळ्यांत तेल घालून का बसावे लागते?

बंगळुरूच्या बनशंकरी भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुंबईचे विमान आता एस.टी.इतकेच सवयीचे झाले आहे. भाच्याची मुंज असो की दिवाळीचे माहेरपण, रेल्वेत अख्खा दिवस घालवण्यापेक्षा पावणेदोन तासांत पोहोचलेले बरे वाटते. पण विमान ढगात शिरले आणि खिडकीबाहेर पांढऱ्या धुराशिवाय काही दिसेनासे झाले, की आजीबाई हळूच देवीचे नाव घेतात. त्या क्षणी वैमानिकालाही बाहेरचे काही दिसत नसते. मग तो विमान चालवतो कशाच्या भरवशावर? समोरच्या उपकरणांच्या!

शरीर फसवते

डोळे मिटून पाळण्यात बसले, तर तो नेमका कुठे झुकला आहे हे सांगता येत नाही. आपला तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आत असतो. त्यातील द्रव हलला की मेंदूला हालचाल कळते. पण विमान अगदी सावकाश वळत राहिले, तर तो द्रव स्थिरावतो आणि विमान सरळ चालले आहे असेच वाटते. म्हणून वैमानिकाला पहिला धडा दिला जातो तो हा, की बाहेर दिसत नसेल तेव्हा अंगाला काय वाटते त्यावर नाही, काट्यावर विश्वास ठेवायचा.

हे काटे चालतात साध्या तत्त्वांवर. विमानाच्या नाकाजवळ एक बारीक नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात जितक्या जोराने घुसते, त्यावरून वेग कळतो. ही युक्ती आँरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये सीन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी काढली होती. उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो, त्यावरून उंची समजते. तिसरे उपकरण म्हणजे कृत्रिम क्षितिज. फिरता भोवरा जसा आपला आस सोडत नाही, तसे त्यातील चक्र आपली दिशा सोडत नाही, आणि विमान किती कलले आहे ते दाखवते. आजच्या विमानांत भोवऱ्याची जागा लेसर किरणांनी आणि तबकड्यांची जागा रंगीत पडद्यांनी घेतली आहे. विमानातील या साऱ्या इलेक्ट्रॉनिक पसाऱ्याला ‘एव्हिऑनिक्स’ म्हणतात.

अवघी १०१ सेकंदे

पण काटाच खोटे बोलला तर? १ जानेवारी १९७८. रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जम्बो जेट मुंबईहून दुबईला निघाले. समुद्रावर येताच विमानाने ठरल्याप्रमाणे उजवे वळण घेतले आणि ते सरळ झाले. भारतातील चौकशीत निघालेल्या निष्कर्षानुसार, कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज मात्र विमान अजून उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. कॅप्टनने ते सरळ करण्यासाठी विमान डावीकडे झुकवले, आणखी झुकवले. बाहेर काळोख, खाली काळे पाणी; खरे क्षितिज दिसण्याची सोयच नव्हती. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्धचे दावे पुढे अमेरिकेतील न्यायालयात टिकले नाहीत. कारण मुद्दा एका काट्यापुरता नव्हता. त्या कॉकपिटमध्ये आणखी एक, स्वतंत्रपणे चालणारे क्षितिज होते. घरातले एक घड्याळ बंद पडले तर आपण दुसऱ्यात पाहतो. पण त्यासाठी आधी पहिल्याचा संशय यावा लागतो. म्हणूनच आता विमानातील संगणक दोन्ही वैमानिकांच्या उपकरणांची सतत तुलना करतात आणि फरक पडला की पडद्यावर इशारा देतात. शिवाय, ‘सर, आपला काटा चुकतोय,’ असे कॅप्टनला स्पष्ट सांगण्याचे प्रशिक्षण सहवैमानिकांना दिले जाते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना टोकणे उद्धटपणाचे मानतात. कॉकपिटमध्ये न टोकणे हाच गुन्हा!

काटा खरा, पण लक्ष कुठे?

दुसरी घटना खुद्द बंगळुरूची. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून आलेले ए-३२० विमान एच.ए.एल. विमानतळावर उतरत होते. दुपारची वेळ, स्वच्छ हवा, आणि विमान अत्याधुनिक, संगणकांनी सज्ज. पण संगणक अशा स्थितीत होता की इंजिने किमान शक्तीवरच राहिली. ताशी सुमारे २४५ किलोमीटर हवा असलेला वेग उतरत उतरत दोनशेच्या खाली गेला. पडद्यावर आकडा खरा होता. तो वेळेवर कोणाच्या ध्यानात आला नाही. धावपट्टीच्या अलीकडच्या गोल्फ मैदानावर विमान आदळले. १४६ जणांपैकी ९२ दगावले.

मुंबईला यंत्राने चुकीचे सांगितल्याचा ठपका, तर बंगळुरूत यंत्राने बरोबर सांगूनही उपयोग झाला नाही. म्हणजे यंत्राने खरे सांगून भागत नाही, ते माणसाच्या कानी पडले पाहिजे.

बोलणारी यंत्रे

म्हणूनच आजची उपकरणे बोलतात. विमानाच्या पोटाखालचे रेडिओ उपकरण जमिनीपर्यंतचे अंतर मोजते. डोंगर धोकादायकरीत्या जवळ आला की कॉकपिटमध्ये ‘पुल अप!’ असा खणखणीत आवाज घुमतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. समोरासमोर आलेल्या विमानांतील ही यंत्रे आपसात ‘बोलून’ एकाला वर जा, दुसऱ्याला खाली जा असे सांगतात. जमिनीवरच्या नियंत्रकाची सूचना उलट असली, तरी अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे असते.

या कामात बंगळुरूचा वाटा मोठा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० मध्ये इथे विमानाचा कारखाना काढला, तोच आजचा एच.ए.एल. इथल्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने धुक्यात धावपट्टीवर किती दूरचे दिसते हे मोजणारे ‘दृष्टी’ हे उपकरण बनवले, ते देशातील अनेक विमानतळांवर बसले आहे. उपग्रहांच्या मदतीने विमानाची जागा अचूक सांगणाऱ्या ‘गगन’ प्रणालीचे मुख्य केंद्रही बंगळुरूतच आहे. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड विमानतळावर ‘गगन’च्या आधाराने इंडिगोचे विमान यशस्वीपणे उतरले.

आपण काय करावे?

प्रवाशांचाही यात खारीचा वाटा असतो. सूचना मिळताच मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका. दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधलेलाच असू द्या.

आणि एक गोष्ट मुलांनाही समजावून सांगा. कधी कधी चाके टेकणार एवढ्यात इंजिने गर्जतात आणि विमान पुन्हा वर झेपावते. घ्यायला आलेली मंडळी खोळंबतात, प्रवासी कुरकुरतात. अशा वेळी घाबरू नका, वैतागूही नका. वेग, उंची किंवा धावपट्टी यांतले काहीतरी मनासारखे नव्हते, आणि वैमानिकाने ते वेळेत पाहिले, एवढाच त्याचा अर्थ. घरी अर्धा तास उशिरा पोहोचलात तर आमटी पुन्हा गरम करता येते!